रविवारचं तेल

बोलायला सुरुवात करण्याआधी तो दोन्ही हातांनी केस कानांमागे सारायचा. पडदा बाजूला केल्यावर खिडकीत कुणी दिसावं तसा मग त्याचा चेहरा दिसायचा, आणि तो म्हणायचा, "ऐका तरी आधी." समोरच्यानं अजून तोंडही उघडलेलं नसायचं.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. सत्तरच्या आसपासची ती वर्षं. गल्लीत, चाळीत, कॉलेजच्या कट्ट्यावर एक तरी मुलगा असा निघायचाच, की ज्याच्याकडे बघून बायका पदर तोंडाला लावून हसत आणि पुरुष घसा खाकरत. त्याला 'हिप्पी' म्हटलं की लोक मोकळे होत. आमचा हिप्पी कलकत्त्यात खिदिरपूरला आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा आणि दर रविवारी सकाळी आईपुढे मांडी घालून डोक्याला तेल लावून घ्यायचा.

मी लग्न होऊन पुण्याहून थेट कलकत्त्याला आले. यजमान कस्टम्समध्ये, म्हणून गोदीजवळ क्वार्टर मिळालेलं. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली शेजारी, मराठीच, म्हणून आमचे काका-काकू, आणि त्यांचा हा एकुलता एक. काका गोदीत अधिकारी; माणूस सरळ, पण आवाज भोंग्यासारखा. गावाकडून येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली होती, मुलगा इथेच जन्मलेला.

पहिल्याच आठवड्यात मी गॅलरीतून खाली पाहिलं तर अंगणात पाठमोरं कुणी नुकतंच न्हालेलं, केस पाठीवर सोडून उभं. मी पुण्याची, न विचारता सल्ला देणं अंगवळणी पडलेलं. म्हटलं, "अहो ताई, सावलीत काय उभ्या राहिलात? उन्हात या, सर्दी होईल."

ताई वळल्या. त्यांना मिशा होत्या.

"ऐका तरी आधी," तो म्हणाला, "मी मुलगा आहे." आणि इतकं गोड हसला की मी लाजायचंच विसरले. त्या दिवसापासून मी त्याची वहिनी झाले. सर्दीचं मात्र माझं खरं ठरलं, हे मी त्याला पुढे अनेकदा ऐकवलं.

या केसांपायी त्यानं काय काय सोसलं! ट्राममध्ये कंडक्टर मागून "दीदी, टिकिट!" म्हणून हाक मारायचा. भिंतींवर लाल रंगानं घोषणा लिहिणारी नक्षलवादी मुलं त्याला 'साहेब' म्हणून हिणवायची. पोलिसांना ती मुलं आणि हा यांतला फरक कळत नसे, म्हणून तो घरी येईपर्यंत काकू दारात उभ्या. पण खरी लढाई घरातच होती. काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. जे सांगायचं ते काकूंमार्फत, आणि तेही तो समोर बसलेला असताना. "तुमच्या चिरंजीवांना सांगा, घर म्हणजे धर्मशाळा नव्हे." चिरंजीव आमटी ओरपत म्हणायचे, "आई, बाबांना सांग, मीठ कमी आहे."

त्याचा चौघांचा ग्रुप होता. ड्रम वाजवणारा रिपन स्ट्रीटचा अँग्लो-इंडियन मुलगा, दोघे बंगाली आणि हा गिटारवाला. ड्रमवाल्याच्या मावशीच्या गॅरेजमध्ये तालीम चाले आणि ग्रुपचं नाव दर महिन्याला बदले. पार्क स्ट्रीटच्या एका रेस्टॉरंटात शनिवारी दुपारी जॅम सेशन असे, तिथे ते वाजवत. बेलबॉटमची तेव्हा लाट होती. याच्याकडे साध्या विजारी होत्या, तेव्हा काकूंनीच त्या गुडघ्यापासून उसवल्या आणि जुन्या खणांचे त्रिकोणी तुकडे आत बसवून खाली घेर दिला. चौरंगीच्या रस्त्यावर तो चालायला लागला की पायांशी खणाची नक्षी फडफडायची, आणि मुली थांबून विचारायच्या की हे कापड आणलंस कुठून.

एकदा मी त्याला विचारलं, "अरे, पण हे सगळं कशासाठी? गिटार काय आखूड केसांनी वाजत नाही?"

तो गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा होता. नदीवर कुठलंतरी जहाज भोंगा देत होतं. केस कानांमागे गेले.

"ऐका तरी आधी. पुण्याला आत्याकडे गेलो की मी कलकत्त्याचा. माझी मराठी ऐकून भावंडं हसतात. इथे कॉलेजात मी बॉम्बेवाला. मी तर बॉम्बे नीट बघितलं पण नाही. इथल्या मराठी मंडळात गेलो की मी अमक्यांचा मुलगा. पण वहिनी, गॅरेजमध्ये ना, कोणी विचारत नाही कुठला. केस बघतात नि सरकून जागा देतात. तो माझा गाव आहे."

माझ्याजवळ मत तयार होतं, पण ते मी दिलं नाही. नव्या बिऱ्हाडात मीही तेव्हा दुपारी दार लावून पुण्यासाठी रडत असे.

रविवार सकाळ मात्र त्या घरात वेगळी असे. काका बाजारात मासे बघायला जात. घ्यायला नव्हे, नुसते बघायला, कारण घरात चालत नसत. मग काकू वाटीत खोबरेल कोमट करून आणत, दारातल्या उन्हात पाट मांडत आणि हा येऊन पुढ्यात बसे. त्या भांग पाडत, बोटांनी तेल जिरवत आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत. गाण्याला शब्द नव्हते, नुसती वर चढून परत खाली येणारी एक चाल. त्यांना मुलगी हवी होती. एकदा मला म्हणाल्या, "मुलगी काही झाली नाही, पण वेणी घालायची हौस देवानं अशी पुरवली बघ." आणि खरोखरच त्याची तिपेडी वेणी घालून, स्वतःच हसून, परत सोडली. मी वर गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली असायची. ऊन, तेलाचा वास, ती चाल, मधूनच ट्रामची घंटा. वाटायचं, हे असंच चालू राहावं, सोमवार येऊच नये.

संक्रांतीनंतर एका शनिवारी काकू वर आल्या. चेहऱ्यावर काहीतरी होतं. "भवानीपूरला हळदीकुंकू आहे," त्या म्हणाल्या. "यांना सांगितलंय. त्या बाईंच्या सुनेचं माहेर साताऱ्याचं आहे, तिला पाचवा महिना आहे, आणि त्यांच्याकडे चांदीचं तबक आहे."

काकूंना खोटं बोलायचा सराव नव्हता. त्यामुळे एकदा बोलायला घेतलं की त्यात तपशील फार घालायच्या. मी चपला घालत विचारलं, "जायचं कुठे आहे खरं?"

"त्याचं ऐकायला," त्या म्हणाल्या.

खिदिरपूरची ट्राम मैदानातून जाते. थंडीचे दिवस, दुपार असूनही गवतावर धुकट उजेड. दोन्ही बाजूंना झाडं, लांबवर मेंढरं, आणि आमची ट्राम त्या हिरव्यातून नुसती तरंगत चाललेली. काकू नऊवारीत, कपाळाला ठसठशीत कुंकू, मांडीवर तिळगुळाचा डबा. एस्प्लनेडच्या थांब्यापर्यंत त्या डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघत होत्या.

रेस्टॉरंटात भर दुपारी अंधार होता आणि दिव्यांवर लाल कागद. कॉफीचे पेले घेऊन बसलेली पोरंपोरी, सगळ्यांचे केस लांब, म्हणजे मागून कोण काय ते कळायची सोय नाही. नऊवारी बघून एक मुलगी चटकन उठली आणि काकूंना तिनं खुर्ची दिली. मग तो आला. गिटार गळ्यात, पायांशी खणाची नक्षी. दोन्ही हातांनी केस कानांमागे सारले आणि एकदम वाजवायला लागला.

काकूंनी माझा हात धरला. "इथे त्याला म्हणावं लागत नाही ग," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ऐका तरी आधी."

खरंच होतं. तिथे सगळे ऐकतच होते. घरी, मंडळात, कॉलेजात ज्या मुलाला प्रत्येक वाक्याआधी विनंती करावी लागे, त्याच्यापुढे ती पन्नास पोरं श्वास रोखून बसली होती. शेवटी त्यांनी स्वतः रचलेलं एक गाणं म्हटलं. शब्द इंग्रजी, नदीवरच्या धुक्याबद्दल काहीतरी. पण मधे गिटार एकटी वाजली आणि काकू ताठ बसल्या. वर चढून परत खाली येणारी ती चाल. त्यांचीच, रविवारची. त्यांचे डोळे वाहत होते, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. नंतर ड्रमवाल्यापासून वेटरपर्यंत सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून त्या म्हणत गेल्या, "गोड बोला." त्यांच्या दृष्टीनं हळदीकुंकू झालंच.

मग भाद्रपद आला, आणि घोटाळा झाला.

आमच्या मंडळाचा गणपती म्हणजे कलकत्त्यातल्या आपल्या लोकांचं माहेर. सगळ्या बायका मोदक वळायला एकत्र. तिथे एक वजनदार बाई उकड मळता मळता म्हणाल्या, "काही म्हणा, मुलगा हातचा गेला हो तुमचा." बोलणं साधंच, असलं रोज कुणीतरी बोलायचं. पण काकूंच्या हातातल्या मोदकाची कळी मोडली. त्या म्हणाल्या, "नवस आहे त्याचा."

सगळे हात थांबले. आणि काकू तपशिलात शिरल्या. लहानपणी विषमज्वर झाला होता (हे खरं होतं), डॉक्टरांनी हात टेकले होते (हे अर्धं खरं), तेव्हा कोल्हापूरकडच्या कुलदैवताला बोलले होते की मोठा झाला की केस राखीन आणि तुझ्या पायांशी वाहीन. नवस राहून गेला, देव स्वप्नात आला, म्हणून आता कात्री लावायची नाही.

संध्याकाळच्या आरतीला चमत्कार झाला. ज्यांनी त्याला कधी 'ये' म्हटलं नव्हतं त्यांनी वाट करून दिली. मंडळाचे सगळ्यांत जुने सभासद तात्या, जे त्याला बघून चिडवायला 'जय बजरंग' म्हणत, त्यांनी आरतीचं तबक त्याच्या हाती दिलं. एका आजींनी नातवाच्या डोक्यावर हात ठेव म्हणून नातू पुढे केला. आमचा हिप्पी गोंधळून माझ्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तणतणत वर आला. केस सारायचंही विसरला.

"वहिनी, दोन वर्षं मी बाबांशी भांडलो या केसांसाठी. रस्त्यात शिव्या खाल्ल्या. आणि एका मोदकात ते देवाचे झाले!"

मला हसू आलं, पण त्याचं दुखणं खरं होतं. आपल्या लोकांचं असंच आहे बघा. एखादी गोष्ट दडपता आली नाही की आपण तिला कुंकू लावतो, मग ती आपलीच होते. त्याला शिव्या चालत होत्या, कारण त्या त्याला मिळत होत्या. हा मान दुसऱ्याच कुणाचा होता.

तरी आईला तो एका शब्दानं बोलला नाही. आणि पुढच्या महिन्यात त्यानं तापानं अंथरूण धरलं.

मलेरिया होता. शहरात घरोघरी होता, त्यात विशेष काही नव्हतं. पण काकू त्याच्या उशाशी बसून माझ्याकडे अशा बघायच्या की अंगावर काटा यावा. "मी देवाच्या नावानं खोटं बोलले ग. तो वसूल करतोय." मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. पंधरवड्यानं ताप उतरला, पोरगा हिंडूफिरू लागला. काकूंच्या मनातली भीती काही उतरली नाही.

त्यांनी त्याला 'केस काप' म्हटलं नाही. ती बाई तसं म्हणणारी नव्हती. एवढंच झालं, की त्या केसांना त्या हात लावीनाशा झाल्या. रविवार यायचा, दारात ऊन पडायचं, पण पाट मांडला जाईना. तो आपला रिकाम्या दारात जाऊन बसायचा, आणि काकू आत उगाच डबे घासत राहायच्या.

दिवाळीच्या फराळाला आम्ही सगळे मंडळात जमलो. चकलीचं ताट हातात घेऊन तात्यांनी जाहीर केलं की ते पुढच्या आठवड्यात गावी निघालेत, वाटेत कोल्हापूर लागतं, तेव्हा नवस फेडायचं पुण्य त्यांना मिळू द्यावं. रविवारी मंडळातच न्हावी बोलावू, चार मंत्र म्हणू, केस आपण नेऊन वाहू. टाळ्या पडल्या. काकूंचा चेहरा पांढरा झाला. खोट्या नवसाचे केस खऱ्या देवापुढे जाणार होते.

तो उठला. दोन्ही हात केसांत गेले.

"ऐका तरी आधी. नवस काहीच नाहीये. आईला तसं सांगायला मीच लावलं होतं, लोकांचं बोलणं बंद व्हावं म्हणून. केस मला आवडतात. माझे आहेत. देवाचं नाव उगाच घेतलं, त्याची माफी मीच मागतो."

सभागृहात चिवडा चावल्याचाही आवाज येईना. मग एकदम सगळे बोलायला लागले, आणि काय बोलले ते सांगण्यात अर्थ नाही. तेच हात पुन्हा आखडले, तेच चेहरे वळले. त्याचा चेहरा मात्र उजळला होता. मला तर वाटलं, दोन महिन्यांनी त्याला स्वतःचे केस परत मिळाले.

बाहेर फाटकाशी काका उभे होते. घरात कधी कुठला नवस बोलला गेला नव्हता, आणि इतक्या तपशिलांचं खोटं कुणाचं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? दोन वर्षांत पहिल्यांदा ते थेट त्याच्याशी बोलले. "खोटं तरी आईपेक्षा बरं बोलायला शीक." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागले.

मला वाटलं, संपलं सगळं. पण रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. तो उभा होता.

"वहिनी, कात्री आहे?"

मी कात्री आणली, पण त्याच्या हातात दिली नाही.

"न्हाव्याकडे गेलो की बाबा जिंकले असं होईल. मंडळात गेलो तर तात्या. तुम्ही कापा."

"अरे, पण आता कशाला? आता तर सगळ्यांना सांगून झालंय!"

"म्हणूनच तर. आता माझे आहेत, मी देऊ शकतो." त्यानं केस कानांमागे सारले, हळूच, शेवटचे. "हे देवाला नाही हं, वहिनी. आईला. तिला भीती वाटते अजून. ती तेल नाही लावत."

पार्क स्ट्रीटला नाताळात त्यांचा मोठा कार्यक्रम ठरला होता. त्या पोरांत हा आखूड केसांचा एकटा दिसणार, कारकुनासारखा. ज्याला तो आपला गाव म्हणत होता तिथे आता त्याला बघून जागा देतील की नाही, कोण जाणे. ते सगळं त्याला माझ्याहून जास्त कळत होतं. मी गॅलरीत खुर्ची मांडली आणि केस कापले. मी कधी कुणाचे केस कापले नव्हते, त्यामुळे मागून पायऱ्या पायऱ्या झाल्या. तो डोळे मिटून ती चाल गुणगुणत होता. नदीकडून वारा आला आणि काही बटा अंगणात उडाल्या.

खाली गेला तेव्हा काकू दारातच होत्या. त्यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मानेवर हात फिरवला आणि मोठ्यानं रडल्या. मग वाटी घेऊन आल्या. पाट मांडला. एवढ्याशा केसांना एवढं तेल, की ते कपाळावरून ओघळून त्याच्या शर्टावर उतरलं. तो हसत होता.

नाताळात तो वाजवायला गेला. त्याआधी गॅरेजमधल्या तालमीत म्हणे त्याला क्षणभर कुणी ओळखलंच नाही. मग ड्रमवाल्यानं सरकून जागा दिली. पण पुढच्या उन्हाळ्यात ड्रमवाल्याचं कुटुंब कायमचं ऑस्ट्रेलियाला गेलं आणि ग्रुप फुटला. याला मुंबईहून सुटणाऱ्या एका जहाजावर, तिथल्या बँडमध्ये काम मिळालं. हावडा स्टेशनवर आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. गाडीनं शिटी दिल्यावर काका काकूंकडे वळून म्हणाले, "तुमच्या चिरंजीवांना सांगा, आता केस कापायची काही गरज नाही."

चिरंजीवांनी खिडकीतून वाकून नमस्कार केला. गाडी हलली. त्याचे हात सवयीनं कानांकडे गेले, सारायला तिथे काही नव्हतं. पुढे त्याचा एक फोटो आला, कुठल्याशा बंदरातला, खांद्यावर पुन्हा केस उडताहेत. काकांनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि येईल त्याला दाखवला. तो स्वतः मात्र आम्ही कलकत्ता सोडेपर्यंत आला नाही.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी गॅलरीत तांदूळ निवडत होते. खाली काकू बाहेर आल्या, दारातल्या उन्हात पाट मांडला, आत जाऊन तेलाची वाटी आणली आणि हाक मारायला तोंड उघडलं. मग तशाच उभ्या राहिल्या. वाटीतलं तेल उन्हात चमकत होतं.

मी सूप बाजूला ठेवलं, अंबाडा सोडला आणि खाली जाऊन पाटावर बसले. त्यांची बोटं केसांत फिरू लागली, तेल कोमट होतं, आणि थोड्या वेळानं ती चाल सुरू झाली, वर चढून परत खाली येणारी. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी माझे केस कानांमागे सारले आणि हात तिथेच ठेवले.

"बोल," त्या म्हणाल्या. "ऐकतेय मी."